टाक्यात पाणी आहे

"पाच मिनिटं बसू," असं म्हणून ओतूरकर सर खिंडीतल्या दगडावर टेकले, त्याला अर्धा तास होऊन गेला तरी ते उठले नाहीत.

१९९१ सालचा मे महिना. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि खडक आतापासूनच हाताला चटका देत होता. डावीकडे थोरली, जिच्या माथ्यावरून आम्ही नुकतेच उतरलो होतो. उजवीकडे धाकटी. खालच्या गावात या दोन शिखरांना एवढीच नावं होती. पुढच्या रविवारी नाशिकहून आमच्या गिर्यारोहण मंडळाची चौदा माणसं एका दिवसात दोन्ही शिखरं करायला येणार होती. त्याआधी वाटेची पाहणी करून यायचं काम सरांकडे आणि माझ्याकडे होतं.

थोरलीच्या वाटेची टिपणं मी वहीत केली होती. वरच्या टप्प्यात मुरूम सुटा झालेला, उतरताना दोन माणसांत अंतर ठेवणं जरुरीचं. वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो. वणव्यानं कारवीचा एक मोठा पट्टा जळून गेलाय, तिथं सावली नाही. धाकटीचं पान कोरं होतं.

"सर, छातीत दुखतंय का?"

"नाही गं. ऊन बाधलंय." त्यांचा शर्ट पिळून काढावा इतका ओला होता आणि ओठ पांढरे पडले होते. ते चित्रकलेचे शिक्षक, वय छप्पन्न. मी सोळा वर्षांची असताना आई मला डोंगरात पाठवायला तयार नव्हती, तेव्हा हे घरी येऊन दोन तास बसले होते. मला दोराची पहिली गाठ त्यांनीच शिकवली. आता मी चोवीस वर्षांची होते, बँकेत लागले होते, आणि मंडळात इतके मुलगे असताना पाहणीला त्यांनी मला बरोबर घेतलं होतं.

"हेमांगी, एक ऐक," ते म्हणाले. "हे मंडळात बोलू नकोस. जूनमध्ये हिमालयाची मोहीम आहे. तीन वर्षं मी ती जमवतोय. एवढ्याशावरून कमिटी माझं नाव काढून टाकेल."

"नाही बोलणार."

"शब्द दे."

मी शब्द दिला. मग म्हणाले, "तुम्ही इथं सावलीत थांबा सर. मी धाकटीवर जाऊन येते. दीड-दोन तासांचं काम. टाकं तेवढं बघते."

"एकट्यानं शिखर करायचं नाही. हा नियम कुणी केला?"

"तुम्ही."

"मग?" त्यांनी डोळे मिटून घेतले. "धाकटी मी बावीस वेळा केलीय. वाट सरळ आहे, चुकायला जागा नाही. टाकं कातळात खोदलेलं आहे, आत खोल आणि सावलीत. ते आटत नाही."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"डिसेंबरात. काठोकाठ होतं."

आम्ही तिथूनच मागे फिरलो. सर दर वीस पावलांना थांबत होते. गावाच्या कडेला ठकूबाईचं घर होतं, डोंगरात येणारे-जाणारे तिच्या ओट्यावर टेकायचे. तिनं तांब्या भरून पाणी दिलं. ती शेळ्या राखायची, सगळा डोंगर तिच्या पायाखालचा. धाकटीच्या टाक्यात पाणी आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं. प्रश्न माझ्या तोंडापर्यंत आला होता. मी विचारला नाही. ती नाही म्हणाली असती तर काय करायचं, हे मला ठरवावं लागलं असतं. माझ्या टाचेला फोड आले होते आणि दोनची एसटी गाठायची होती.

पाहणीचा छापील तक्ता असायचा. वाट, सावली, पाणी, धोका, असे रकाने. एसटीच्या थांब्यावर सर सांगत गेले आणि मी लिहीत गेले. पाण्याच्या रकान्याशी आले तेव्हा माझं पेन थांबलं.

"सर, आपण पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय ना. लिही."

मी लिहिलं, 'धाकटीवर टाक्यात पाणी आहे. पिण्याजोगे.' खाली दोघांच्या सह्या झाल्या. त्या एका ओळीमुळे मंडळाच्या पत्रकात माणशी चार लिटरऐवजी दोन लिटर पाणी आणावे, असं छापलं गेलं.

रविवारी सर आले नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यांचा निरोप आला की मोहिमेच्या कामासाठी पुण्याला जावं लागतंय, हेमांगीनं ग्रुप न्यावा. मला त्याचा आनंदच झाला. मी पहिल्यांदाच एकटीनं ग्रुप नेणार होते.

चौदा जणांत यशवंत खैरनार नावाचे एक गृहस्थ होते. बेचाळीस वर्षांचे, एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. आमच्याबरोबर त्यांचा हा दुसराच ट्रेक. सगळ्यांकडे दोन-दोन बाटल्या, आणि यांच्या पाठीवर पाच लिटरचा कॅन, त्याला ओलं गोणपाट शिवलेलं. एकजण म्हणाला, "खैरनार, टँकरच घेऊन आलात." ते हसले. म्हणाले, "घरून हुकूम आहे. मंडळीनं स्वतः शिवून दिलंय."

थोरलीवर आम्ही वेळेत पोहोचलो. पण उतरताना मुरमानं फार वेळ खाल्ला. पाहणीच्या दिवशी आम्ही दोघंच होतो, आता चौदा माणसांना एकेक करून सोडावं लागत होतं. खिंडीत आलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते आणि बहुतेकांच्या बाटल्या तळाला लागल्या होत्या. एका मुलीला चक्कर येत होती. तिथं खैरनारांचं आणि माझं थोडं बोलणं झालं, आणि मग त्यांनी कॅनचं झाकण काढून सगळ्यांना पेल्यापेल्यानं पाणी दिलं. मलाही दिलं. ते इतकं गार होतं की दात शिवशिवले. कॅन रिकामा झाला.

धाकटीची वाट खरोखरच सरळ होती. सरांचं तेवढं खरं निघालं. सगळा उघडा कातळ, हात टेकवत नव्हता. साडेबारा वाजता आम्ही टाक्याशी पोहोचलो. मी सगळ्यांत पुढे होते, त्यामुळे आत पहिल्यांदा मीच डोकावले.

तळाशी भेगाळलेला गाळ होता आणि त्यावर वाळकी पानं.

मागून एकेक जण येऊन डोकावत गेला. मग एकजण म्हणाला, "हेमांगी, तू तर म्हणाली होतीस." खैरनारही वाकून बघून गेले. जाताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

शिखर सोडून आम्ही तसेच उतरायला लागलो. खैरनार पहिल्यांदा मागे पडले, मग उगाच भरभर चालायला लागले, मग वाट सोडून भलतीकडे जायला लागले. मी त्यांचा हात धरला तर तो कोरडा होता आणि तव्यासारखा तापलेला. "तुषार, दार उघड," ते मला म्हणाले. खिंडीच्या थोडं वर ते बसले आणि आडवे झाले. दोघं जण पाण्यासाठी गावाकडे पळाले. उरलेल्या बाटल्यांतून मिळून अर्धा पेला पाणी निघालं, पण त्यांना ते गिळता येईना. आम्ही चादर धरून सावली केली. मी त्यांची नाडी धरून बसले होते. ती कधी थांबली, ते मला कळलं नाही. चार वाजता गावातली माणसं पाण्याच्या कळशा घेऊन वर आली, तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं पाहिलं आणि माझा हात खैरनारांच्या मनगटावरून सोडवून घेतला.

अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. पंधरा दिवसांनी मंडळाची बैठक बोलावली गेली. एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर आम्ही सगळे बसलो होतो. खैरनारांची बायको सुलभाताई आणि त्यांचे थोरले दीरही आले होते.

अध्यक्षांनी पाहणीचा तक्ता वाचून दाखवला. मग ओतूरकर सर उभे राहिले. बैठकीच्या आधी आमचं काहीही बोलणं झालेलं नव्हतं.

"मी आणि हेमांगी टाक्यापर्यंत गेलो होतो," सर शांतपणे म्हणाले. "हातभर पाणी होतं. आठवडाभर ऊन कडक पडलं, गुराढोरांनी प्यालं असेल. डोंगरात असं होतं. मनाला फार लागलंय."

सुलभाताईंनी सरांकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलं होतं पाणी?"

सरांनी डस्टरशी चाळा सुरू केला होता. मला आई आठवली, बँक आठवली, पोलीस आठवले.

"हो," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

बैठकीचा अहवाल आठवडाभरात टाइप होऊन आला. पाहणी नियमाप्रमाणे झाल्याचं त्यात होतं. शेवटी एक वाक्य होतं. 'स्वतःजवळील पाणी राखून न ठेवता वाटून टाकल्याने मृत सदस्याकडून हयगय झाली.' एक प्रत खैरनारांच्या घरी पाठवण्यात आली. सर जूनमध्ये हिमालयात गेले. शिखर झालं नाही, पण ते सहीसलामत परत आले.

जुलैत एका दुपारी सुलभाताई बँकेत आल्या. काउंटरवर गर्दी नव्हती. त्या समोर उभ्या राहिल्या, पर्समधून काही काढलं नाही, तेव्हा मला कळलं की त्या पैशांसाठी आलेल्या नाहीत.

"मी त्या गावाला जाऊन आले," त्या म्हणाल्या. "हे गेले ती जागा बघायची होती. वरपर्यंत काही जाता आलं नाही. ठकूबाई म्हणून एक बाई आहे तिथं, तिच्याकडे बसले होते."

मी समोरच्या पावत्या एकावर एक रचत राहिले.

"ती म्हणाली, ते टाकं होळीपासून कोरडं ठाक आहे. शेळ्यासुद्धा तिकडं फिरकत न्हाईत, म्हणाली." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तुम्ही वर गेलाच नव्हता ना?"

मी पावत्यांच्या गठ्ठ्याला रबर लावलं.

"मी भांडायला आलेले नाही. पोलिसांत जाणार नाही. तुम्ही फक्त एकदा तुमच्या लोकांसमोर सांगा, आणि तो कागद बदलून द्या. आमच्या घरात काय चाललंय, तुम्हाला माहीत नाही. भावजी येता-जाता म्हणतात, स्वतःच्या हातानं पाणी वाटलं आणि मेला. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. परवा तो मला म्हणाला, बाबांना एवढंपण कळलं नाही का गं."

"मला सरांशी बोलावं लागेल."

"त्यांना कशाला विचारायचं? पाणी पाहिलं की नाही, हे तुमचं तुम्हाला ठाऊक आहे."

"पुढच्या सोमवारी या," मी म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दार लावून आले आणि म्हणाले, "माणूस काही परत येत नाही, हेमांगी. आता तोंड उघडलंस तर दोघांवर गुन्हा दाखल होईल. माझं वय झालंय, मी काय, भोगीन. तुझी नोकरी नवीन आहे, लग्न व्हायचंय. तुझ्यासाठी बोलतोय मी." थोडं थांबून म्हणाले, "दोन-चार महिन्यांनी ती विसरेल."

सोमवारी सुलभाताई आल्या तेव्हा मी शिपायाला सांगून ठेवलं होतं की मी रजेवर आहे. मी मागच्या रेकॉर्डच्या खोलीत उभी होते. त्या वीस मिनिटं बाकावर बसल्या. पुढच्या सोमवारीही आल्या. नंतर आल्या नाहीत.

मी मंडळ सोडलं. माझं लग्न झालं, बदल्या झाल्या, दोन मुली झाल्या. सर अकरा वर्षं जगले. ते गेले तेव्हा मंडळानं शोकसभा घेतली. मी गेले नाही. डोंगरात पुन्हा कधी पाय ठेवला नाही. घरात कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगायचे.

मागच्या वर्षी पेपरात सुलभाताईंचा फोटो आला. खाली नाव होतं, तुषार यशवंत खैरनार आणि परिवार. दशक्रिया होऊन महिना गेला, मग मी त्याचा पत्ता काढला. तो सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. फोनवर मी एवढंच म्हणाले की मी तुमच्या वडिलांना ओळखत होते. तो म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत गेटवर या.

गेटसमोर लिंबाखाली सिमेंटचं बाकडं होतं. तो डबा घेऊन आला. चाळिशी उलटलेला, वडिलांपेक्षा उंच. "तुम्ही आधी बोला, मी खातो," म्हणाला. "अर्धाच तास आहे."

मी सगळं सांगितलं. खिंड, सरांची तब्येत, ठकूबाईला न विचारलेला प्रश्न, तक्ता, बैठक, रेकॉर्डची खोली. तो जेवत होता. मान वर केली नाही.

"अजून एक आहे," मी म्हणाले. "हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. खिंडीत तुमचे बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, अर्धा कॅन राखून ठेवतो, कुणाला काही झालं तर लागेल. मी म्हणाले, काका, गरज नाही, वर टाकं आहे. त्यांनी विचारलं, नक्की ना? मी म्हणाले, नक्की, वाटून टाका. म्हणून त्यांनी वाटलं."

त्याचा हात डब्यातच थांबला.

"ते नको म्हणत होते?"

"हो."

"आणि तुम्ही सांगितलं म्हणून दिलं."

"हो."

तो रस्त्याकडे बघत राहिला. एक टेम्पो आत गेला, वॉचमननं गेट ओढून घेतलं.

"आई म्हणायची," तो म्हणाला. "शेवटपर्यंत म्हणायची की तुझे बाबा असं करणार नाहीत. फार सावध माणूस. छत्रीशिवाय बाहेर पडायचे नाहीत. आणि मी म्हणायचो, आई, कागदावर लिहिलंय ना, हयगय म्हणून. अहवाल आहे मंडळाचा. तू उगाच त्यांना देव करून ठेवू नकोस. दवाखान्यात होती तेव्हासुद्धा हा विषय निघाला. मी चिडलो तिच्यावर. म्हटलं, मूर्खपणानं गेले, आता तरी मान्य कर." त्यानं तोंड पुसलं. "मग ती या विषयावर बोललीच नाही. आठ दिवसांनी गेली."

मी म्हणाले, "माझी चूक आहे. सगळी."

"ते झालंच." त्यानं डब्याचं झाकण लावलं. अर्धी पोळी आत तशीच होती. "आई असताना का नाही आलात?"

"धीर झाला नाही."

"मग माझ्याकडे यायला कसा झाला?"

आत भोंगा झाला. तो उठला, नळावर जाऊन हात धुतले, खिशाला लावलेलं ओळखपत्र सरळ केलं आणि माझ्याकडे न बघता गेटमधून आत गेला.